कृपया पाणी घालू नये

आपल्याकडे झाड लावणं हा कधीच एकट्याचा कारभार नसतो. कढीपत्त्याचं रोप आणा; पहिल्या दिवशी घरचे, दुसऱ्या दिवशी शेजारचे आणि आठवडाभरात वरच्या मजल्यावरचे त्याच्यावर हक्क सांगायला लागतात. कोणी त्याला ताक घालतं, कोणी चहाचा चोथा, कोणी काहीच न घालता "अजून फुटला नाही?" एवढंच विचारून जातं. कढीपत्ता हे सगळं पचवतो. तुळस, जास्वंद, गवती चहा ही मंडळीही पचवतात. पिढ्यानपिढ्या माणसांत राहून ती निर्ढावलेली आहेत. स्नेक प्लांटचं तसं नाही. ते मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं, नायजेरिया-काँगोच्या बाजूचं. जाड पानांत पाणी साठवायचं, मातीखाली आपला गड्डा आडवा सरकवत न्यायचा आणि महिना महिना कोणी फिरकलं नाही तरी ब्र काढायचा नाही, असा त्याचा खाक्या. त्याला थोडा उजेड लागतो, पाण्याचा निचरा होणारी माती लागते आणि भरपूर दुर्लक्ष लागतं. पहिल्या दोन गोष्टी पुण्यातल्या कोणत्याही फ्लॅटमध्ये जमवता येतात. तिसरी मिळत नाही.

नुसतं झाड सांभाळायचं असेल तर एक वेळ निभावून जातं. पण एकाची चार करायची, पानापासून रोप करायचं म्हटलं, की हे दुर्लक्ष महिनोन्‌महिने, सलग आणि घरातल्या प्रत्येकाकडून पुरवून घ्यावं लागतं. आणि इथेच मराठी घर उघडं पडतं.

हे झाड घरात येतं तेच मुळी एका फॉरवर्डचं बोट धरून. "नासाने सिद्ध केले आहे" अशी त्याची सुरुवात असते आणि शेवटी जोडलेले हात असतात. आता नासाने काही केलंच नाही असं नाही. 1989 साली बिल वुल्व्हर्टन या तिथल्या शास्त्रज्ञाने घरात ठेवायची झाडं हवाबंद पेट्यांत ठेवली, आत बेंझिन, फॉर्माल्डिहाइड वगैरे सोडलं आणि ते किती कमी होतं ते मोजलं. स्नेक प्लांटही त्यात होतं. निकाल चांगले आले. पण पेटी हवाबंद होती. आपल्या घराला खिडक्या असतात, दाराखाली फट असते, शिवाय दर दहा मिनिटांनी कोणी ना कोणी बेल वाजवत असतं. 2019 साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी असे जुने प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला : एरवी घरात जेवढी हवा आपोआप खेळते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटर जमिनीला 10 ते 1000 झाडं लागतील. आमच्या घराचं चटई क्षेत्र 600 चौरस फूट आहे. म्हणजे कितीही हात आखडता घेतला तरी साडेपाचशे कुंड्या. वरच्या आकड्याचा गुणाकार माझ्या नवऱ्याने केला आणि तो काही वेळ कोणाशी बोलला नाही.

दुसरा फॉरवर्ड रात्रीच्या ऑक्सिजनचा. दिल्लीतल्या एका उद्योजकाने 2009 सालच्या टेड व्याख्यानात झोपण्याच्या खोलीत माणशी 6 ते 8 स्नेक प्लांट ठेवा असं सांगितलं होतं, तीही कमरेएवढी उंच. आम्ही चौघं. म्हणजे 24 ते 32 झाडं. ती आत ठेवली तर झोपायला आम्हाला जिन्यात जावं लागेल. आणि या सगळ्यात झाडाची बाजू कोणी ऐकूनच घेत नाही. हे झाड दिवसा पानांवरची रंध्रं मिटून घेतं, कारण उघडी ठेवली तर पाणी उडून जाईल. रात्री गारवा आला की ती उघडतं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतं. सकाळी ऊन आलं की त्याचं अन्न करतं. निवडुंग आणि अननसही हेच करतात. ऑक्सिजन तयार होतो तो उजेडातच. म्हणजे रात्री हे झाड घेण्याच्या कामात असतं, देण्याच्या नव्हे. पण "अननस उशाशी घेऊन झोपा" असा फॉरवर्ड अजून तरी मला आलेला नाही.

असो. झाड घेतलं. नर्सरीवाले त्याला नुसतं 'स्नेक' म्हणतात : "मॅडम, स्नेक न्या, मरत नाही." वनस्पतिशास्त्रज्ञांनी शंभराहून अधिक वर्षं सॅन्सेव्हिएरिया म्हणून चालवलेलं हे झाड अलीकडे ड्रॅसिनांमध्ये नेऊन घातलं, उरुळी कांचनच्या रोपवाटिकांपर्यंत ही बातमी पोचली तरी भावात काही फरक पडणार नाही.

आता घरातली माणसं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. माझे सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. उभी हयात कालव्यांना आवर्तनं सोडण्यात गेली. शेजपाळी, टोकाचा शेतकरी, कोरडी पडलेली चारी, असे शब्द त्यांच्या तोंडात अजून असतात आणि कोरडी माती दिसली की त्यांना बसवत नाही. नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो नोंदी ठेवतो. मुलगी चौथीत आहे. ती कशावरच विश्वास ठेवत नाही, उपटून बघते. कामाला मावशी येतात. त्यांना घरात कुठेही, काहीही, उगाच पडलेलं दिसलेलं चालत नाही. या चौघांपैकी एकही माणूस वाईट नाही. प्रत्येकाचं झाडाकडे लक्ष आहे, हीच अडचण.

पानापासून रोप करायची कृती तशी दोन ओळींची आहे. निरोगी पान बुडापासून कापायचं, त्याचे चार-चार बोटं लांबीचे तुकडे करायचे, दोन-तीन दिवस सावलीत तसेच पडू द्यायचे म्हणजे कापलेली जागा सुकते, आणि मग बुडाची बाजू खाली ठेवून भुसभुशीत मातीत खोचायचे. कापायला घेतल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही, की पान दिसतं तेवढं गरीब नाही. सुरी आत शिरताना कर्रकन आवाज येतो, बोटांना पाणी लागतं, आणि शेवटी तळाशी चार-पाच पांढरे दोर राहतात ते तुटता तुटत नाहीत. याच्या भाऊबंदांच्या पानांतल्या दोरांपासून पूर्वी धनुष्याच्या दोऱ्या वळत. स्वयंपाकघरातली कांद्याची सुरी इथे हात टेकते.

दुसरी गोष्ट कळते ती तुकडे झाल्यावर. वर कुठलं आणि खाली कुठलं? पट्टे दोन्हीकडून सारखेच. आणि या झाडाला उलटं लावलेलं चालत नाही. मुळं येतात ती बुडाच्याच बाजूने, उलटा खोचलेला तुकडा नुसता उभा राहतो आणि मग कुजतो. जाणकार माणसं म्हणून बुडाशी सुरीने एक खाच मारून ठेवतात. त्या खाचेने कापलेली कड वाढते, मुळांना जागा मिळते आणि दिशाही विसरत नाही. नवऱ्याने खाचेऐवजी मार्करने बाण काढले, प्रत्येक तुकड्याला क्रमांक दिला आणि फोटो काढून तक्ता केला. मग ते सगळे तुकडे ओट्याच्या कडेला वर्तमानपत्रावर वाळत ठेवले.

दुसऱ्या दिवशी ओटा लखलखत होता.

"ताई, ते पानाचे वाळलेले तुकडे पडले होते ना," मावशी म्हणाल्या, "ते टाकले मी. ओल्या कचऱ्यातच टाकले." शेवटचं वाक्य त्यांनी ज्या समाधानाने उच्चारलं, त्यावर काही बोलणं शक्यच नव्हतं. नवऱ्याच्या तक्त्यात त्या दिवसापुढे 'विल्हेवाट' असा शेरा आहे.

पुढच्या खेपेला तुकडे उंच कपाटावर ठेवले. ते तिथे सुकत असताना घरात सल्ल्यांचा सुकाळ झाला. कापलेल्या जागी हळद लावा. हळद नको, दालचिनीची पूड लावा, बुरशी धरत नाही. त्याआधी मधात बुडवा. मधापेक्षा कोरफडीचा गर चांगला. माती भिजवायला कांद्याच्या सालीचं पाणी. नाही, तांदळाचं धुवण. माझ्या आईने सांगलीहून फोनवर ताक सुचवलं. सगळ्यांचं ऐकलं असतं तर पान लावायला घेतलंय की फोडणीला, हे ठरवता आलं नसतं. बाजारात मुळं फुटायची पावडर मिळते, ती चिमूटभर पुरते. आणि तीही नसली तरी या झाडाचं काही अडत नाही. मात्र हे कोणाला पटत नाही. काहीही न घालता एखादी गोष्ट होईल, यावर आपला विश्वासच नाही.

लावल्यावर खरी परीक्षा. माती जेमतेम ओलसर, मग पूर्ण कोरडी होईपर्यंत हात लावायचा नाही. पानाच्या पोटात पाणी असतं, त्यावर ते भागवतं. पण वरून कोरडी दिसणारी कुंडी आणि आमचे सासरे एका गॅलरीत ठेवणं हा धोका होता. मी अस्सल पुणेरी उपाय केला. पाटी लावली : 'कृपया पाणी घालू नये.' संध्याकाळी बघते तर माती चिंब.

"बाबा, पाटी वाचली नाहीत का?"

"वाचली की. पण कोणी घालू नये ते लिहिलेलं नाहीस. मला वाटलं, मावशींसाठी आहे."

मी 'कोणीही' हा शब्द वाढवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओल.

"घातलं नाही गं," ते म्हणाले. "नुसतं शिंपडलं."

मग मी 'शिंपडू नये' अशी दुसरी पाटी लावली. त्यावर त्यांनी कुंडीखालच्या थाळीत पाणी भरून ठेवलं. 'खालून घेतंय तर घेऊ दे, आपण सक्ती करत नाही.' नियमाच्या चौकटीत राहून पाणी पोचवायचं कसं, याचा चाळीस वर्षांचा सराव आहे त्यांना; दोन पाट्यांनी काय होणार?

अशा पानाचं काय होतं ते एकदा जवळून बघण्यासारखं असतं. वरून ते हिरवंगार, ताठ. मातीलगत तेवढी एक पिवळसर रेघ येते. बोटाने दाबलं तर दाबलं जातं. उचललं तर काही विरोध न करता वर येतं, आणि खाली मुळांच्या जागी तपकिरी लगदा, त्याला फुलदाणीतल्या शिळ्या पाण्याचा वास. सडका भाग पार कापून टाकला, वरचा कोरा तुकडा पुन्हा सुकवला, तर त्यातून नव्याने सुरुवात करता येते. या झाडाचा एवढा मोठेपणा आहे. पावसाळ्यात मात्र हा उद्योग करूच नये. हवाच ओली असते, माती वाळत नाही, आणि कुजायला कोणाच्या सासऱ्यांची गरज पडत नाही.

मुलीचा प्रश्न वेगळा. शाळेतून आल्यावर दप्तर टाकायच्या आधी ती कुंडीतलं पान उचलून बघायची. "मूळ आलंय का ते बघत होते." मूळ येऊ पाहत असेल ते त्या बघण्याने तुटायचं. तिला रागावण्यात अर्थ नव्हता. मुळं मातीच्या आत येतात आणि ती आपण बघायची नसतात, ही अट मोठ्या माणसांनाही जाचतेच. म्हणून पाण्याची तऱ्हा काढली. कॉफीच्या रिकाम्या काचेच्या बरण्या, तळाशी दोन बोटं पाणी, त्यात पान उभं. आठवड्याने पाणी बदलायचं, गढूळ दिसलं तर आधी. उन्हात ठेवली तर काचेला शेवाळ धरतं, म्हणून उजेडात पण उन्हाबाहेर. आता ज्याला बघायचं त्याने बघावं, उपटायचं कारण नाही. सासऱ्यांनाही बरं वाटलं : निदान इथे पाणी अधिकृत होतं.

उन्हाळा असेल तर महिन्या-दीड महिन्यात कापलेल्या कडेवर पांढरे ठिपके येतात, त्यांची मुळं होतात. थंडीत दुप्पट वेळ लागतो. ठिपके आले त्या दिवशी आमच्याकडे सोसायटीतली माणसं बरणी बघायला येऊन गेली आणि जाताना प्रत्येकाने एकच शंका काढली : "पण पान वाढत नाहीये." पान वाढणारच नाही. ज्या उंचीवर कापलं त्याच उंचीवर ते राहतं, वरची सरळ कापलेली कड जन्मभर तशीच दिसते. वाढतं ते खालून. आधी मुळं, मग छोटा गड्डा, मग पुढे काही महिन्यांनी त्या गड्ड्यातून शेजारीच नवा कोंब डोकं काढतो. टोकदार, घट्ट गुंडाळलेला. या मधल्या महिन्यांत काहीही घडत नाही. निदान दिसण्यासारखं नाही. नव्वद टक्के प्रयोग इथेच बारगळतात असं मी म्हणणार होते, पण टक्केवारी कोणी काढलेली नाही. एवढंच सांगते की आमच्या इमारतीत 'बाद झालं' म्हणून टाकलेल्या पानांच्या बुडाशी मी नीट बघितलं तेव्हा बहुतेकांना मुळं होती.

नाशिकच्या आत्याबाईंचं प्रकरण याच सुमाराचं. आमच्याकडे पिवळ्या कडेचं स्नेक प्लांट आहे, लॉरेंटी म्हणतात ते. आत्याबाईंच्या ते मनात भरलं. "एक पान दे, मी लावीन." दिलं. त्यांच्या घरी माणसं कमी, त्यामुळे दुर्लक्ष मुबलक. पान लागलं, कोंब आला. मग एके दिवशी फोन : "हे हिरवंच आलंय. पिवळं कुठे गेलं?" आवाज असा, की जणू पिवळी कड आम्ही काढून ठेवून घेतली. मी समजावलं. त्या पानात दोन तऱ्हेच्या पेशी शेजारी शेजारी नांदत असतात. कडेच्या पेशींत हिरवा रंग तयारच होत नाही. पानाच्या तुकड्यातून नवा कोंब येतो तो हिरव्या पेशींतून, म्हणून तो साधा निघतो. पिवळी कड हवी तर पान उपयोगाचं नाही, गड्ड्याचाच तुकडा हवा. हे शास्त्र त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे पान दिलंस, गड्डा ठेवलास."

झालं. दिवाळीनंतर त्या स्वतःच आल्या, आणि वाटणी झाली. वाटणीच म्हणते, कारण थाट सगळा तोच होता. कुंडी आडवी घातली तर झाड बाहेर येईना. गड्डे वाढून वाढून त्यांनी प्लॅस्टिकला पोट आणलं होतं, एका बाजूला चीर गेली होती. शेवटी कुंडी कापली. आत माती नावालाच, सगळे जाड पिवळट गड्डे एकमेकांत गुंतलेले, एकाचं टोक कुठे आणि दुसऱ्याची सुरुवात कुठे ते कळेना. सासरे खुर्ची घेऊन मध्यस्थ म्हणून बसले. आत्याबाई बोट ठेवत होत्या, मी सुरी चालवत होते आणि नवरा कोणाकडे किती पानं गेली ते लिहून घेत होता. नियम साधा : प्रत्येक तुकड्याला स्वतःची मुळं आणि निदान एक-दोन पानं हवीत. कापलेली जागा दिवसभर सुकवून लावलं की चालू पडतं. पानासारखी महिनोन्‌महिने वाट बघायला लागत नाही, आणि पिवळी कड जशीच्या तशी राहते. आत्याबाईंनी सगळ्यात मोठा तुकडा घेतला. थोरल्या आहेत, कोणी हरकत घेतली नाही.

आता पुढची गोष्ट. हे झाड वाढवायला जितकं दुर्लक्ष लागतं, तितकीच ते वाढल्यावर खपवायला कसोशी लागते. वाटणीतून उरलेले तुकडे, लागलेली पानं, त्यांना फुटलेली पिल्लं, असं करत करत आमच्या गॅलरीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. टाकवत नाही, जिवंत रोप कचऱ्यात टाकणं आपल्याला जमत नाही. वाढदिवस, वास्तुशांत, मुलगी दहावी पास, सगळ्याला मी स्नेक प्लांट नेऊ लागले. मांजर किंवा कुत्रं असलेल्या घरी मात्र देत नाही. यात सॅपोनिन असतात, जनावराने पान चावलं तर ओकाऱ्या होतात. सोसायटीत एका काकूंनी याच कारणासाठी मांजर पाळायचा विचार बोलून दाखवला, असं माझ्या कानावर आलं.

गेल्या संक्रांतीला मी हळदीकुंकवाचं वाण म्हणून तीच लुटली. प्लॅस्टिकच्या डब्यांपेक्षा बरी, सगळ्यांनी कौतुक केलं. यंदा मी रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला फिरले, तर दोन-तीन घरांतून मला वाण म्हणून स्नेक प्लांट मिळालं. त्यातली एक कुंडी आमचीच होती. काठाला तोच टवका. झाड नवीन होतं, हे कबूल केलं पाहिजे.

पण हे झाड कसं वाढवावं याचा आदर्श आमच्या घरात नाही. तो आमच्या जिन्यात आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, रंगाच्या जुन्या वीस लिटरच्या डब्यात एक स्नेक प्लांट आहे. ज्यांनी ठेवलं ते फ्लॅट विकून कधीच गेले. दुसऱ्या मजल्याला वाटतं, तिसऱ्या मजल्याचे लोक पाणी घालतात. तिसऱ्याला वाटतं, दुसऱ्याचे. वरच्या झरोक्यातून दिवसातून थोडा उजेड येतो. त्याची पानं माझ्या खांद्याला लागतात आणि डब्याला दोन ठिकाणी तडे गेले आहेत.

मध्यंतरी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली : 'जिन्यात सरबत सांडणाऱ्या सभासदांनी फरशी पुसून घ्यावी.' फरशीवर रोज सकाळी चिकट थेंब पडलेले असायचे. संशय तिसऱ्या मजल्यावरच्या मुलांवर होता. त्यांच्या आईने रात्री पहारा केला तेव्हा आधी वास आला, गोड आणि दाट, आणि मग बॅटरीच्या उजेडात पानांच्या मधून वर आलेला तुरा दिसला; हिरवट पांढरी, सडपातळ फुलं, प्रत्येकाच्या खाली चिकट मधाचा थेंब. जुनं, कुंडीत दाटीवाटीने भरलेलं झाड कधीमधी असं फुलतं, आणि वास मुख्यतः रात्रीच. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा कोणाच्या तरी लक्षात आलं.

इथून त्याचे दिवस भरत आले होते. दुसऱ्या दिवशी कोणी पानं पुसली. कोणी पाहुणे येणार म्हणून त्यांना खोबरेल तेलाचा हात दिला, चमकावीत म्हणून. त्याने रंध्रं बुजतात. कोणी डब्याखाली रांगोळी काढली. सासरे तर पायऱ्या उतरताना हातात तांब्या घेऊनच दिसले. शेवटी वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय आला आणि झाडाची निगा राखण्यासाठी उपसमिती नेमावी, अशी सूचना मांडली गेली. मी उभी राहिले आणि होतं ते सांगितलं : या झाडाने आजवर जे काही केलं ते आपण काहीही न केल्यामुळे केलं आहे, तेव्हा कृपा करून तेच चालू ठेवा. बरीच चर्चा झाली. सेक्रेटरींनी मसुदा वाचून दाखवला : 'जिन्यातील झाडाकडे सर्व सभासदांनी दुर्लक्ष करावे.' ठराव एकमताने मंजूर झाला. त्याची अंमलबजावणी नीट होते की नाही, ते रोज पाहण्यासाठी तिघांची समिती नेमली आहे. सासरे तिचे अध्यक्ष आहेत.

तर वाचकहो, हे झाड तुम्हाला करून बघायचं असेल तर आमच्याकडे माल तयार आहे. पावसाळ्यात येऊ नका. फाल्गुन-चैत्रात या, उबेला मुळं लवकर धरतात. पिवळ्या कडेचं हवं असेल तर पान मागू नका, गड्डा मागा, मी देईन. घरात किती माणसं आहेत आणि त्यांतलं निवृत्त कोण आहे, ते आधी सांगा. आणि येताना कुंडी आपली आपण आणा. आमच्या गेलेल्या कुंड्यांपैकी आतापर्यंत एकच परत आली आहे, तीही वाणात.